बिऱ्हाड हलते, ओळख हलत नाही

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंगल प्रसंगी एखाद्या सामाजिक विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. मी कापडाचा व्यापारी. विद्वत्तेचा आव आणणे मला शोभणार नाही. म्हणून ज्याची झळ आज आपल्यापैकी बहुतेक घरांना लागली आहे, असाच विषय मी निवडला आहे. तो म्हणजे दूरच्या शहरी बिऱ्हाड हलविण्याचे दुःख.

हे दुःख आपल्याला नवे नाही. आपल्यापैकी अनेकांची मुळे मारवाड, गोडवाड, कच्छ वा गुजरातेत आहेत. पूर्वजांनी दिसावरची वाट धरली ती हौसेने नव्हे. संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, ‘छपन्या’ दुष्काळ राजस्थानच्या लोकस्मृतीत आजही जिवंत आहे. त्याआधी १८८१ पर्यंत अहमदाबाद-अजमेर मीटरगेज लोहमार्ग जोडला गेला होता आणि उंटाच्या पाठीवरचा आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला होता. तरीही अहमदाबादला उतरून मुंबईची ब्रॉडगेज गाडी धरावी लागे. मारवाडच्या प्रवाशाची ही उतरचढ थेट १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत चालू राहिली. लोटा-डोरी घेऊन आले आणि पेढी उभी केली, असे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या डोरीच्या दुसऱ्या टोकाला घर होते, हे सांगायचे राहून जाते. बारा-चौदा वर्षांचा मुलगा गुमास्ता म्हणून परमुलखात जाई. विवाहित असला तर पत्नी वर्षानुवर्षे गावीच राही. राजस्थानात ‘कुरजां’ हे विरहगीत घरोघरी गायले गेले. त्यात घरची स्त्री आकाशातून जाणाऱ्या कुरजां पक्ष्याला दूरदेशी गेलेल्या पतीसाठी निरोप सांगते. आपल्या समृद्धीचा जमाखर्च मांडताना या बाजूची नोंदही वहीत असावयास हवी.

मात्र त्या काळच्या स्थलांतराला एक मोठा आधार होता. जाणारा माणूस कोणाकडे तरी जात असे. गाववाल्याची पेढी, नात्यातले घर, धर्मशाळा, भोजनशाळा यांपैकी काही ना काही त्याची वाट पाहत असे. तो अमक्याचा नातू, तमक्या गावचा, एवढ्या एका वाक्यावर त्याला राहण्याला जागा, जेवणाला ताट आणि पुढे उधारीवर माल मिळे. त्याच्यापाशी भांडवल नव्हते, पण पत होती आणि ती त्याच्यापुढे चालत जाई.

आजचे चित्र पाहा. मुलाला बंगळुरूला नोकरी लागते. पुण्याहून अंतर साधारण साडेआठशे किलोमीटर. रस्ता उत्तम, विमान तासा-दीड तासाचे. पण संसार विमानाने जात नाही. सामान नेणारा आधी एक दर सांगतो आणि माल गाडीत चढल्यावर दुसरा. वाटेत माल अडवून जादा रक्कम मागितल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी ऐकू येतात. व्यापारी म्हणून तरुणांना मला एवढेच सांगावयाचे आहे की, नगवार यादी, बिल्टी आणि विम्याचा कागद हाती पडल्याखेरीज एकही खोके उचलू देऊ नये. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे, हेही ध्यानात ठेवावे. पुढे घरभाड्याची अनामत येते. बंगळुरूमध्ये दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याचा प्रघात अनेक वर्षे होता. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायचे, तर तिथे फेरनोंदणी करावी लागते. २०२१ मध्ये आलेली बीएच मालिका सरकारी नोकरांना आणि काही ठराविक खासगी नोकरदारांनाच मिळते. शाळेचा दाखला, गॅस, बँकेतील पत्ता, मतदार यादी हे सारे निराळेच. नव्या शाळेत मुलासमोर अनोळखी लिपी उभी राहते आणि मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी कोणी बसत नाही.

तरीही ही सारी दुःखे सहा महिन्यांत ओसरतात. फुटलेली बरणी नवी आणता येते, मूल तर मोठ्यांच्या आधी नवी भाषा बोलू लागते. जे ट्रकमध्ये चढत नाही त्याचे काय, हा खरा प्रश्न आहे. आपल्या गावात किराणा दुकानदार आपले नाव न विचारता वहीत मांडतो. डॉक्टरांना आपल्या वडिलांचाही आजार ठाऊक असतो. दोन दिवस दार उघडले नाही, तर शेजारी कडी वाजवतो. ही ओळख चाळीस वर्षांच्या रोजच्या व्यवहारातून साचलेली ठेव आहे. बँकेतील ठेव एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वळती होते. ही ठेव होत नाही. नव्या शहरात तिची सुरुवात शून्यापासूनच करावी लागते.

त्यातही सर्वांत मोठी झळ वृद्धांना लागते. पूर्वी तरुण परदेशी जात आणि वृद्ध आपल्या ओट्यावर राहत. आता मुलगा आग्रहाने, प्रेमाने आईवडिलांना घेऊन जातो. दुकान बंद होते, घर विकले जाते आणि सत्तरीतला गृहस्थ चौदाव्या मजल्यावरच्या सदनिकेत जाऊन बसतो. मुलगा-सून रात्री घरी येतात. सूर्यास्तापूर्वीचे जेवण म्हाताऱ्यांनी एकट्यानेच उरकायचे. रिक्षावाल्याची भाषा कळत नाही, दवाखान्याची पाटी वाचता येत नाही. बाजारात ज्याच्या शब्दावर लाखाचा माल सुटत होता, त्याला सोसायटीच्या फाटकावर नोंदवहीत नाव लिहावे लागते. तो तक्रार करीत नाही, कारण मुलाच्या प्रेमात उणे काहीच नसते. म्हणूनच हे दुःख कोणाला दिसत नाही.

मित्रहो, स्थलांतर म्हटले की नोकरी आणि व्यापारच डोळ्यांपुढे येतो. पण २०११ च्या जनगणनेने मोजलेल्या सुमारे पंचेचाळीस कोटी स्थलांतरितांत सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. आपल्या घरात आलेली प्रत्येक सून याच अनुभवातून गेलेली असते. तिची भाषा, तिची चव, तिचे माहेरचे नाव हे सारे मागे राहिलेले असते आणि तिच्या स्थलांतराला आपण स्थलांतर म्हणतही नाही.

आणखी एका वर्गाचा विसर पडता कामा नये. आपण विकतो ते कापड भिवंडी-इचलकरंजीच्या मागांवर विणणारे अनेक हात दूरच्या राज्यांतून आलेले आहेत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा अशी लाखो माणसे पायी गावाकडे निघाली. ८ मे २०२० रोजी जालन्याहून भुसावळच्या दिशेने निघालेले, थकून रुळांवरच झोपी गेलेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशचे होते. राबण्यासाठी शहर त्यांचे होते. संकटाच्या दिवशी मात्र गाव सोडून त्यांना कोणी आठवले नाही. पुढे २०२२ पर्यंत सर्व राज्यांत ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजना लागू झाली, हे चांगलेच झाले. परंतु शिधा कार्डावर मिळतो, आपुलकी कार्डावर मिळत नाही.

फलोदीजवळच्या खीचन गावात दर हिवाळ्यात हजारो कुरजां पक्षी हिमालय ओलांडून येतात. तेथील जैन समाजाने त्यांना दाणा घालण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालविली आणि जून २०२५ मध्ये खीचनला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. ज्या पक्ष्याला विरहिणीने निरोप सांगितला, त्याच पक्ष्याला त्या मातीने आसरा दिला. दूरदेशीच्या पाखराला आपण दाणा घालतो. मग आपल्या गल्लीत नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबाचे नाव आपल्याला ठाऊक असू नये काय?

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन नम्र सूचना करतो. पहिली, गावात नवे कुटुंब आले, जातीचे-धर्माचे असो वा नसो, तर पहिल्या आठवड्यात दोन जणांनी त्यांच्या घरी जावे. जवळचा डॉक्टर, शाळा, दूधवाला, गॅसवाला यांची माहिती लिहून द्यावी आणि एका वेळचे जेवण पाठवावे. दुसरी, आपल्यातून परगावी गेलेल्यांची यादी ट्रस्टने शहरवार ठेवावी, म्हणजे बंगळुरूला गेलेल्या वृद्धाला तिथला निदान एक शेजारी आपल्या बोलीत बोलणारा मिळेल. चिकपेटेत आपले व्यापारी बांधव पूर्वीपासून आहेत. फक्त दुवा जोडावयाचा आहे. तिसरी, आईवडिलांना नेण्यापूर्वी मुलांनी त्यांना विचारावे आणि गावातले घर विकण्याची घाई करू नये.

जाणाऱ्याला आपण निरोपाचा नारळ देतो, ही प्रथा चांगली आहे. येणाऱ्यासाठी दार उघडण्याची प्रथा तितकीच दृढ झाली, तर आपल्या पूर्वजांना परमुलखात ज्यांनी पहिले ताट वाढले, त्यांच्या ऋणातून आपण थोडेतरी उतराई होऊ.