विरोध मताला, माणसाला नव्हे



लोकशाहीत मतभेद अटळ असतात. ते कसे व्यक्त व्हावेत, हा खरा प्रश्न होय. हैदराबादचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेलंगणातील सशस्त्र लढा ऑक्टोबर १९५१ मध्ये मागे घेण्यात आला आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याची १७५ सदस्यांची विधानसभा अस्तित्वात आली. मुख्यमंत्री होते बुर्गुल रामकृष्णराव. विरोधी पक्षाचे नेते होते साम्यवादी व्ही. डी. देशपांडे. कालपर्यंत बंदुकीने लढला गेलेला जमिनीचा प्रश्न आता शब्दांनी सोडवावयाचा होता.

विधिमंडळाच्या प्रथेत यासाठी एक साधी योजना आहे. वक्ता प्रतिपक्षाला नव्हे, तर अध्यक्षांना उद्देशून बोलतो आणि विरोधकाचा उल्लेख ‘सन्माननीय सदस्य’ असा करतो. त्यामुळे रोख व्यक्तीवरून मुद्द्याकडे वळतो. समजा, कूळ कायद्यावर चर्चा चालू आहे. ‘या कलमामुळे कूळ बेदखल होईल’ असे कोणी म्हटले, तर त्याला पुरावा मागता येतो, उत्तरही देता येते. ‘तुम्ही जमीनदारांचे हस्तक आहात’ असे म्हटले, तर प्रत्युत्तरही तशाच शब्दांत येते. आणि कूळ मात्र जेथल्या तेथेच राहते.

याचा अर्थ टीका मवाळ असावी, असा नव्हे. निर्णयाची व कृतीची परखड चिकित्सा हा नागरिकांचा अधिकारच आहे. हैदराबाद राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी संपुष्टात आले. हा धडा मात्र ग्रामसभेपर्यंत सर्वत्र लागू पडतो. कारण सभेत भांडणाऱ्या दोघांनाही दुसऱ्या दिवशी एकाच पाणंदीने शेतावर जावयाचे असते.