विजेचा झोका



झाडाला टांगलेल्या झोक्यावर मूल बसले, तर त्याला उंच न्यायला पहिलवान लागत नाही. झोका मागे येऊन वळला, की हलकासा रेटा द्यावा. दहा-वीस रेट्यांत तो फांदीपर्यंत जातो. जोर थोडा, पण वेळ नेमकी. हेच वीजकेंद्रात घडले तर काय होते, ते आज पाहू.

अमेरिकेत नेवाडा राज्यात मोहावे नावाचे औष्णिक वीजकेंद्र होते. ते २००५ साली बंद झाले. तेथे वाफेवर फिरणारी टर्बाइनची चाके आणि जनित्र एकाच लांब पोलादी दांड्यावर ओवलेली होती. वीज ५०० किलोव्होल्टच्या तारांनी दूरवर जाई. लांबच्या तारांत विजेला अडथळा होतो. तो कमी व्हावा आणि त्याच तारांतून जास्त वीज जावी, म्हणून वाटेत धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, घातले होते. सोय चांगलीच होती. पण डिसेंबर १९७० मध्ये जनित्राचा दांडा निकामी झाला, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये पुन्हा तोच प्रकार!

तुम्ही म्हणाल, पोलाद कच्चे असेल. तसे नव्हते. दांडा कितीही ताठ दिसला, तरी तो किंचित पिळतो आणि उलगडतो, तेही ठरावीक गतीने. या दांड्याची अशी एक गती सेकंदाला सुमारे ३० होती. इकडे तारा आणि धारित्रे यांच्या जोडीनेही विजेत सेकंदाला सुमारे ३० हेलकावे उठत. तेथील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची. साठातून तीस गेले, की उरलेल्या तिसांचे रेटे दांड्याला बसत. झाले, झोक्याची वेळ जुळली! दांडा विजेला डोलवी, वीज दांड्याला पिळी.

पहिल्या वेळी खरे कारण उमगले नाही. दुसऱ्या अपघातानंतर ते कळले. आता दांडा आणि तारा यांचा हिशेब एकत्रच मांडतात. नको ते हेलकावे अडवणाऱ्या विद्युत् गाळण्या बसवतात. पीळ वाढू लागताच जनित्र तारांपासून तोडणारी रिलेही ठेवतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एक आडवी दोरी जरा सैल बांधा. तिला सारख्या लांबीच्या दोन सुतळ्यांनी दोन दगड टांगा. एक दगड हलवा. थोड्या वेळाने दुसरा आपोआप झुलू लागेल. मग एक सुतळी बरीच आखूड करून पाहा. आता दुसरा फारसा हलणार नाही. मुलांना सांगा, मोहावेचा दांडाही चांगला होता आणि धारित्रेही चांगली होती. दोघांची गाठ कशी पडेल, एवढेच कोणी तपासले नव्हते.