फ्रिज आणि नाक

अध्यक्षमहाराज, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि या उकाड्यात पंख्याखालच्या खुर्च्या पटकावून बसलेले श्रोतेहो,

पत्रिकेत आजचा विषय ‘तापमान आणि गंधसंवेदना’ असा छापला आहे. तो भारदस्तपणा कार्यवाहांचा. मी त्यांना कळवलं होतं ते एवढंच : आमरस गार करून खाऊ नये. (हशा) हसून घ्या. मे महिन्यात असं बोलणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते मला ठाऊक आहे.

नाकाची रचना मी सांगत बसत नाही. माणसाकडे गंधग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार, १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी लावलेला त्यांच्या जनुकांचा शोध, त्यासाठी २००४ चं नोबेल, हे सगळं तुम्ही दिवाळी अंकांत वाचलेलं आहे. तोंडातला घास मागच्या वाटेनं नाकात वास पाठवतो आणि आपण त्यालाच चव म्हणतो, हेही माहीत आहे. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. नाकापर्यंत काही पोचायचं तर पदार्थाचे रेणू आधी हवेत उडाले पाहिजेत, आणि उडायला उष्णता लागते. साजूक तूप बरणीत मुकाट बसलेलं असतं. तेच वाफाळत्या भातावर पडलं की माजघरातून माणूस विचारतो, पानं घेतली का?

आंब्याच्या वासात टर्पीन वर्गातली द्रव्यं पुष्कळ. दर दहा अंशांना त्यांचा बाष्पदाब जवळजवळ दुप्पट होतो. फ्रिजमधल्या पाच अंशांपासून तोंडातल्या पस्तीस अंशांपर्यंत सातेक पटींचा फरक पडतो. वाफ सातपट म्हणून वास सातपट वाटतो असं नाही. नाकाचा हिशेब इतका सरळ नसतो. पण हापूसची गंमत पुढे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या फळाच्या वासावर बरंच काम झालं आहे. पिकताना हापूसमध्ये लॅक्टोन आणि फ्युरॅनोन वर्गातली द्रव्यं तयार होतात. लॅक्टोन टर्पिनांपेक्षा जड, सहजी न उडणारी. थंडीत सगळ्यात आधी गप्प होतात ती हीच. म्हणजे हापूसचे पैसे मोजायचे आणि जे हापूसला हापूस करतं तेच गोठवून ठेवायचं.

यावरून आमच्या नात्यातलं एक लग्न आठवलं. दोन मिनिटांत सांगतो. मे महिना, पंगत पुरी-रसाची. रसाची पातेली बर्फाच्या टबात बुडवून ठेवलेली. पहिल्या घोटाला दात शिवशिवले, पण आंबा काही कळेना. मी वाढप्याला म्हटलं, “बाबा, बिनबर्फाचा आहे का?” तो म्हणाला, “आजोबा, सगळा गारच आहे, काळजी नको.” मग मी वाटी दोन्ही हातांत धरून बसलो आणि मधूनमधून नाकाशी नेऊ लागलो. समोरच्या पंगतीतून वधूच्या मावशी बघत होत्या. त्यांना वाटलं, रसात काहीतरी आहे. त्या उठून वधूच्या आईशी कुजबुजल्या, वधूची आई आचाऱ्याकडे गेली, आणि पाच मिनिटांत वाढपी रस वाढायचे थांबले. (हशा) थांबा, पुढचं महत्त्वाचं आहे. पातेल्याभोवती सात-आठ जाणती माणसं जमली. प्रत्येकानं हुंगलं. कुणी म्हणे आंबूस आहे, कुणी म्हणे नाही, कुणी म्हणे मला सर्दी आहे. एवढ्या गार रसाचा बरा-वाईट कुठलाच वास कुणाला लागेना! शेवटी आचारी शहाणा निघाला. त्यानं वाटीभर रस गरम पाण्यात धरला, हलवला आणि आधी वधूच्या आईच्या नाकाशी नेला. त्या म्हणाल्या, “अगंबाई, हा तर हापूस!” रस निर्मळ होता. पंगत पुढे सुरू झाली. माझ्याशी मात्र त्या घरातलं कुणी नीट बोललं नाही. (हशा)

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ हात वर करताहेत. काय म्हणता? “तोंडात गेल्यावर रस गरम होतोच की.” होतो. पण रस आपण चघळत नाही, गिळतो. तो कोमट व्हायच्या आत खाली उतरलेला असतो आणि तोंडच गार करून जातो. शिवाय जिभेचं काय? गोडाच्या पेशींत टीआरपीएम५ नावाचं एक दार असतं, नाव विसरलात तरी चालेल. गारव्यात ते जेमतेम किलकिलं राहतं आणि ऊब मिळाली की उघडतं, हे २००५ साली दाखवलं गेलं. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, नको इतकं गोड लागेल. गार रसात म्हणूनच साखर ढकलावी लागते. हापूसमध्ये साखर! जाऊ द्या.

ताई, तुमचा प्रश्न? “मग वाळ्याचं पाणी गार असूनही घमघमतं ते कसं?” (टाळ्या) टाळ्या कशाला, मी अजून हरलेलो नाही. वाळा ओला झाला की मुळांना चिकटलेले सुगंधी रेणू पाणी ढकलून सोडवतं. तिथे काम ओलाव्याचं आहे, गारव्याचं नाही. आणि माठ म्हणजे फ्रिज नव्हे. तो तुमचं पाणी पाच अंशांवर नेत नाही.

चिठ्ठी आली आहे : “पाच मिनिटं.” पहिल्या पावसाच्या वासाबद्दल, कनौजच्या मातीच्या अत्तराबद्दल, थंड कोरड्या हवेत नाक का मंदावतं याबद्दल बोलायचं होतं; ते राहिलं. टोमॅटोचं मात्र सांगतोच. टोमॅटो आठवडाभर पाच अंशांवर ठेवले आणि मग दिवसभर बाहेर काढून ठेवले, तरी गेलेला वास पुरता परतत नाही, असं २०१६ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं. वास तयार करणारी जनुकंच मंदावलेली असतात. आंबाही थंडी न सोसणारं फळ आहे. हापूस साठवायचा तर बारा-तेरा अंशांवर. त्याहून फार खाली कच्चा आंबा नेला तर साल काळवंडते आणि फळ धड पिकत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. आंबा अढीतच पिकू द्या. पिकलेला उरला आणि फ्रिजमध्ये ठेवावाच लागला, तर जेवणाआधी तासभर बाहेर काढा. रस पानं मांडल्यावर काढा. आणि उकाडा सोसत नसेल तर पन्हं गार करा. त्याला माझी हरकत नाही.