कोसा आणि मूलपेशी



करवतकाठी पातळ नागपूर-भंडाऱ्याकडच्या घरांना नवं नाही. काठाला करवतीचे दाते आणि अंगात टसर, म्हणजे आपल्याकडचा कोसा. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरच्या रानात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या वाढवतात. पाखरांपासून त्यांची राखण करायची, पानं संपली की त्यांना दुसऱ्या झाडावर न्यायचं, हे काम ढिवर समाजातली माणसं पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. हा कोसा प्रयोगशाळेत मूलपेशी वाढवायला कसा उपयोगी पडतो, ते आज सांगायचं आहे.

मूलपेशी म्हणजे आपण पुढे काय व्हायचं हे अजून न ठरलेली पेशी. अशा पेशी शरीराबाहेर बशीत वाढवता येतात, पण तिथे त्या तळाशी चिकटून पातळ थरात पसरतात. त्यातून जाडी असलेलं हाड किंवा कूर्चा होत नाही. पेशींना चहूबाजूंनी आधार हवा, आणि तो ओला, मऊ, सच्छिद्र हवा. पोटात भरपूर पाणी धरूनही न विरघळणाऱ्या अशा पदार्थाला हायड्रोजेल म्हणतात. श्रोत्यांपैकी काहींच्या डोळ्यांत तो या क्षणीही असेल, कारण सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स त्याचीच असते. प्रागच्या ओटो विख्टरले यांनी 1961 च्या नाताळात मुलांच्या जोडखेळाचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो यांतून यंत्र बनवून अशा लेन्स घरीच काढल्या होत्या. अनुदानाची वाट पाहत बसलेल्या आमच्या मित्रांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

आता कोशाकडे. पेशींना असा आधार देणारे तुतीच्या रेशमाचे सांगाडे जगभर बनतात. आयआयटी खरगपूरला सुभाष कुंडू आणि त्यांचे सहकारी मात्र टसरमागे लागले. टसरच्या फायब्रॉइन या प्रथिनात आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल हे तीन घटक लागोपाठ येतात. आपल्या पेशींच्या अंगावर चिकटण्यासाठी जी प्रथिनं असतात, ती नेमकी ही तीनाची ओळ ओळखून पकड घेतात. तुतीच्या रेशमात ती नाही. तिथे वरून बसवावी लागते. रानातल्या अळीनं ती आयतीच दिली आहे.

अडचण निराळीच होती. तुतीचं रेशीम ज्या लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळतं, त्याला टसर दाद देत नाही. मग या मंडळींनी कोश बांधायच्या बेतात असलेल्या पूर्ण वाढलेल्या अळीच्या ग्रंथीतूनच ते प्रथिन काढलं. पुढे कोश विरघळवायच्या रीतीही निघाल्या.

या प्रथिनाचं द्रावण गोठवायचं. पाण्याचे स्फटिक होतात आणि प्रथिन त्यांच्या मधल्या फटींत ढकललं जातं. मग निर्वात पात्रात बर्फाची थेट वाफ करून ती ओढून घेतली, की जिथे स्फटिक होता तिथे पोकळी उरते आणि जाळी पडलेल्या अनारशासारखा हलका तुकडा हाती येतो. सावकाश गोठवलं तर स्फटिक मोठे आणि छिद्रंही मोठी. झपाट्यानं गोठवलं तर बारीक. छिद्रं एकमेकांत उघडणारी हवीत, नाहीतर आतल्या पेशी उपाशी मरतात.

छिद्रांइतकंच महत्त्व कडकपणाला. 2006 साली ‘सेल’ या नियतकालिकात एक निबंध आला. त्याच्या लेखकांत अ‍ॅडम एंग्लर यांच्याबरोबर शामिक सेन होते, जे पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. त्यांनी अस्थिमज्जेतल्या एकाच जातीच्या मूलपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर ठेवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूंच्या आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या. द्रव सगळ्यांना तोच होता. मला विचाराल तर या क्षेत्रातला सगळ्यात चकित करणारा प्रयोग हाच.

मग नवं यकृत, नवं हृदय का मिळत नाही? रक्तामुळे. शरीरातल्या बहुतेक पेशी केशवाहिनीपासून 100 ते 200 मायक्रॉनच्या आत असतात. एवढ्या अंतरापलीकडे प्राणवायू पोचत नाही. जाड तुकड्यात रक्तवाहिन्या कशा रुजवायच्या, इथे गाडी अडली आहे. कूर्चेत मुळात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून तिथे वाट थोडी सोपी. रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून परत बसवण्याच्या उपचाराला आपल्या औषध नियंत्रकांनी 2017 मध्ये परवानगी दिली. पण त्या तयार कूर्चेच्या पेशी, मूलपेशी नव्हेत. टसरचे सांगाडे तर अजून प्रयोगशाळेतच आहेत.

गुडघ्यात ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन घ्या आणि चालू लागा, अशा जाहिराती दिसतात म्हणून हे सांगतो. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मूलपेशींचा रुजलेला उपचार म्हणजे रक्ताच्या विकारांत केलं जाणारं रोपण. आपल्या विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांपैकी काहींना त्याचा उपयोग होतो. बाकी वापर फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच करायचा. तेव्हा कुणी इंजेक्शन सुचवलं, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला क्रमांक मागा. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, हेही लक्षात असू द्या.