पाहुण्यांचे गाव, राजाचे गाव



इ.स. १०६८ च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्डोव्हात बसून अबू उबैद अल-बक्री हा भूगोलकार आफ्रिकेचे वर्णन लिहीत होता. सहारा वाळवंट त्याने कधी ओलांडले नाही. व्यापाऱ्यांकडून आलेली माहिती आणि जुने ग्रंथ हेच त्याचे भांडवल. तरीही घानाच्या राज्याबद्दल आज जे लिहिले जाते, त्यातला मोठा वाटा त्याचाच आहे. (हे घाना आजच्या देशाहून वेगळे. सोनिंके लोकांचे ते राज्य आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या सीमाभागात होते. गोल्ड कोस्टने १९५७ साली स्वतंत्र होताना त्याचे नाव घेतले.)

बक्री सांगतो की घानाची राजधानी म्हणजे सहा मैलांच्या अंतरावरची दोन गावे होती. एका गावात मुसलमान व्यापारी राहत. तिथे बारा मशिदी होत्या, इमाम होते, काझी होते. दुसरे गाव राजाचे. त्याच्या आसपास देवराया होत्या आणि त्यांत पुरोहितांचा पहारा. बाहेरच्या कुणाला तिथे पाऊल टाकायची मुभा नव्हती. राजा स्वतः जुन्या धर्माचा, पण त्याचा खजिनदार, दुभाषे आणि बहुतेक मंत्री मुसलमान. दरबारात राजाचे धर्मबांधव गुडघे टेकून डोक्यावर माती टाकून घेत; मुसलमानांना त्यातून सूट होती, त्यांनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या. गाढवावरून मिठाचे ओझे राज्यात आले की एक दिनार जकात, बाहेर गेले की दोन. गादीवर मुलगा बसत नसे, बहिणीचा मुलगा बसे.

या चित्रात यजमान कोण आणि पाहुणा कोण, याबद्दल शंका उरत नाही. राजाला हिशेब ठेवणारी, पत्र लिहिणारी, दूरच्या बाजारपेठांत ओळखी असणारी माणसे हवी होती. ती त्याने ठेवून घेतली, त्यांना गाव दिले, दरबाराच्या रीतीत थोडी सवलतही दिली. देवराई मात्र राखली. इस्लाम सहाराच्या दक्षिणेला कसा पोचला, याचे उत्तर शोधताना या राजाचा शहाणपणा मध्यभागी ठेवायला हवा, कारण पुष्कळ पुस्तकांत तो बाजूला पडतो आणि सगळे श्रेय उंटांच्या तांड्यांना जाते.

उत्तर आफ्रिकेची गोष्ट निराळी. तिथे तलवार होतीच. इजिप्त ६३९ ते ६४२ या काळात जिंकले गेले आणि ६७० साली ट्युनिशियात कैरवानची छावणी उभी राहिली. पण त्याच लाटेला इजिप्तच्या दक्षिणेच्या ख्रिस्ती नुबियाने थोपवले. ६५२ साली डोंगोलाच्या वेढ्यात नुबियन तिरंदाजांनी नेम धरून इतके डोळे फोडले की अरबांनी त्यांना ‘बुबुळ वेधणारे’ म्हटले. त्यानंतर झालेला ‘बक्त’ नावाचा करार कमीजास्त फरकाने सुमारे सहाशे वर्षे चालला. त्यात नुबियाने दरवर्षी ३६० गुलाम द्यायचे होते आणि इजिप्तकडून धान्य-कापड यायचे होते. ख्रिस्ती राज्य टिकले ते ही किंमत मोजून. व्यापाराने धर्म पसरला, असे म्हणताना त्या व्यापारात सोने आणि मिठाबरोबर माणसेही विकली जात होती, हे वगळता येत नाही. दक्षिण इराकमध्ये ८६९ ते ८८३ अशी चौदा वर्षे धुमसलेले ‘झंज’ म्हटल्या जाणाऱ्या आफ्रिकी गुलामांचे बंड त्याच व्यवहारातून पेटले.

पुन्हा पश्चिम आफ्रिकेकडे येऊ. नायजर नदीच्या खोऱ्यातले जेन्ने-जेनो हे शहर तर इस्लामच्याही आधीचे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास तिथे वस्ती सुरू झाली आणि इ.स. ८०० च्या आसपास ती ३३ हेक्टरांवर पसरली होती. सुसान आणि रॉडरिक मॅकिन्टॉश यांनी १९७७ साली तिथे उत्खनन सुरू केले, तोवर पश्चिम आफ्रिकेला शहरे अरबांनी दिली असे बिनदिक्कत सांगितले जात होते.

जवळच्याच जेन्ने गावाची एक कथा अल-सादी या इतिहासकाराने सतराव्या शतकात ‘तारीख अल-सुदान’मध्ये नोंदवली आहे. तिथला राजा कोई कोनबोरो याने मुसलमान होताना उलेमांना गोळा केले आणि तीन गोष्टींसाठी दुवा मागायला सांगितले. गरिबीने गांजून जो इथे येईल, त्याला सुबत्ता मिळो. गावकऱ्यांपेक्षा इथे परक्यांची संख्या जास्त असो. आणि बाहेरून माल घेऊन येणाऱ्यांचा धीर सुटो, म्हणजे ते तो इथल्या लोकांना स्वस्तात विकून मोकळे होतील! कथेत दंतकथा किती, हा प्रश्न रास्त आहे. पण स्वर्गाची मागणी न करता बाजारभावाची मागणी करणारा राजा एका मशिदीच्या गावाने अभिमानाने लक्षात ठेवला, ही गोष्ट स्वतःच एक पुरावा आहे.

पूर्व किनाऱ्यावर पुरावा जमिनीतून निघाला. केनियाच्या लामू द्वीपसमूहातल्या शांगा इथे मार्क हॉर्टन यांना आठव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक लाकडी मशीद सापडली. सापडले ते तिच्या खांबांचे खड्डे. जेमतेम पंचवीस माणसे मावतील एवढीच ती होती. त्याच जागी ती पुन्हापुन्हा बांधली गेली आणि शेवटी दगडाची झाली. टांझानियाच्या किल्वा बेटाची बखर मात्र शिराझहून आलेल्या राजपुत्राची गोष्ट सांगते. त्याने म्हणे कापडाने वेढून बेट विकत घेतले. आपल्याकडच्या बखरी वाचणाऱ्याला अशा गोष्टी कशा चाळायच्या ते शिकवावे लागत नाही. २०२३ साली मध्ययुगीन स्वाहिली थडग्यांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इ.स. १००० च्या सुमारास आशियाई, मुख्यतः इराणी, पुरुष आणि आफ्रिकी स्त्रिया यांची कुटुंबे तिथे होती, असे त्यातून दिसले. म्हणजे बखर अगदीच खोटी नव्हती. फक्त तिने आयांची नोंद ठेवली नव्हती. मुलांच्या तोंडी भाषा राहिली ती आयांचीच, बांटू कुळातली.

घानाबद्दल जुन्या पाठ्यपुस्तकांत, १०७६ साली मोरोक्कोच्या अल्मोराविद घराण्याने ते जिंकून बाटवले, असे ठाम वाक्य असे. डेव्हिड कॉनरॅड आणि हम्फ्री फिशर यांनी १९८० च्या दशकात मूळ साधने तपासली, तेव्हा त्या विजयाचे वर्णन करणारा एकही समकालीन अरबी साक्षीदार मिळाला नाही. तरी ते वाक्य अजून इकडून तिकडे उतरवले जाते.

प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून लिहिणारा प्रवासी इब्न बतूता १३५२-५३ मध्ये माली राज्यात फिरला. मालीचा राजा मानसा मुसा याची १३२४ ची ती गाजलेली हजयात्रा, कैरोत सोन्याचा भाव पाडणारी, तेव्हा जुनी झाली होती. बतूताच्या वाटेत सहारातले तागाझा लागले. तिथली घरे मिठाच्या विटांची, छपरे उंटाच्या कातड्याची. मालीत वाटा सुरक्षित, शुक्रवारची नमाज भरगच्च, कुराण पाठ होईपर्यंत मुलांच्या पायांत बेड्या. हे पाहून स्वारी खूश झाली. पण वलाता गावात काझीच्या घरी काझीची मैत्रीण गप्पा मारताना दिसली, आणि ईदच्या दिवशी भाट पिसांचे पक्षी बनून सुलतानापुढे पूर्वजांची कीर्ती गाऊ लागले, तेव्हा त्याचे कपाळ आठ्यांनी भरले. त्याने दोन्ही लिहिले. त्याच्या नापसंतीची यादी इतिहासकाराला त्याच्या स्तुतीहून अधिक उपयोगी आहे. तीन शतके मुसलमान असलेल्या दरबारांनी काय काय सोडले नव्हते, ते तिच्यातच कळते.

महाराष्ट्राला या खंडाची ओळख मुख्यतः मलिक अंबरामुळे आहे. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि १६२६ साली वारला. त्याच्या दख्खनमधल्या कारकिर्दीवर आपण भरपूर लिहितो, त्याच्या मुलुखावर फार थोडे. म्हणून या परिषदेतल्या तरुण अभ्यासकांना एक विनंती आहे. मोडीबरोबर अरबी शिका, जमल्यास स्वाहिलीही. बक्री आणि बतूता मुळातून वाचा, शांगा आणि जेन्ने-जेनोचे उत्खनन अहवाल शेजारी ठेवून वाचा, आणि पुढच्या अधिवेशनात त्यावरचे निबंध मराठीत घेऊन या.