रोग रेड्याला, औषध पखालीला

(पुणे येथील जिल्हा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. जिल्हा बैठकीत वाचून दाखवावे.)



या टेबलावर जनरेटर पाहून काही जणांना वाटले असेल, आज वीज जाणार ही बातमी आम्हाला आधीच लागली आहे. तसे नाही. आज बोलायचे आहे ते याच यंत्राबद्दल. पेट्रोलवर चालणारा, दोघांनी उचलून नेता येणारा, दोन केव्हीएचा हा संच. सभेचा माइक यावर चालतो, रात्रीच्या मळणीला उजेड यावर होतो, आणि फीडर तीन-तीन दिवस बंद पडला की फवारणी पंपाची बॅटरीही यावरच चार्ज होते. तो ऐनवेळी बंद पडला तर काय करायचे, एवढाच विषय आहे.

आधी माझी फजिती सांगतो. एका तालुक्यात खळ्यावर सभा होती. आवाजाचा त्रास नको म्हणून जनरेटर लांब, बांधाच्या उतारावर ठेवला. दोरी ओढली, चालू होईना. पाच जणांनी आळीपाळीने ओढली, हाताला फोड आले. शेवटी बाजारातून मेकॅनिक आणला. त्याने एकदा दोरी ओढली, प्लग काढून पाहिला आणि सांगून टाकले, "ठिणगी नाही. कॉइल गेली." नऊशे रुपयांची कॉइल, तीनशे मजुरी. नवी कॉइल बसवली, तरी यंत्र ढिम्म. सभा बिनमाइकची झाली. मागे बसलेल्या बाया काही ऐकू न येता उठून गेल्या. त्यांच्यातल्या काही जणी सात किलोमीटर चालत आल्या होत्या.

रात्री संच ट्रॉलीत भरण्यासाठी सपाट खळ्यावर आणून ठेवला. एका पोराने गंमत म्हणून दोरी ओढली, आणि यंत्र सुरू! काय झाले होते? इंजिनातले तेल थोडे कमी होते आणि संच कलता होता. अशा बहुतेक संचांत तेलाच्या टाकीत एक तरंगता स्विच असतो. तेल कमी झाले की तो ठिणगीच तोडतो, म्हणजे इंजिन कोरडे चालून जळत नाही. यंत्र स्वतःला वाचवत होते आणि आम्ही त्याची कॉइल बदलत होतो. रोग रेड्याला, औषध पखालीला. पाव लिटर तेलाचे काम बाराशे रुपयांत केले, आणि तेही झाले नाही.

मला जास्त लाज कशाची वाटली? मी शेतकी पदवीधर. इथेच शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात शिकलो. तिथला पहिला धडा असा, की पान उलटून पाहिल्याशिवाय औषधाचे नाव काढायचे नाही. मी गावोगाव सांगत फिरतो, कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर गुलाबी बोंडअळीची फवारणी करा, शेजाऱ्याने केली म्हणून करू नका. आणि स्वतःच्या यंत्रावर मात्र मी न पाहता फवारणी केली. सुटा भाग बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दोष शोधणे ही दुरुस्ती. सुटा भाग ही त्यानंतरची खरेदी.

म्हणून क्रम पाठ करा. स्वस्ताकडून महागाकडे जायचे.

पहिले, जागा आणि तेल. संच सपाट ठेवा. तेलाची कांडी काढून पुसा, बुडवून पाहा. कमी असेल तर पुस्तिकेत लिहिलेले तेल भरा. खर्च नगण्य.

दुसरे, पेट्रोल. दिवाळीला भरलेले पेट्रोल होळीला चालत नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. ते शेतमालापासूनच होते, त्याला आपली ना नाही. पण इथेनॉल पाणी ओढते, आणि जुन्या संचांच्या रबरी नळ्या त्याने मऊ पडू शकतात. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला किंवा रंग काळसर आणि वास आंबूस आला, तर टाकी आणि वाटी दोन्ही रिकामी करून ताजे पेट्रोल भरा. तरीही चालले नाही तर कार्बोरेटर उतरवा. त्यात जेट नावाचा पितळी तुकडा असतो, त्याला सुईच्या टोकाएवढे भोक असते. ते बुजते. ते तारेने किंवा टाचणीने खरवडू नका. भोक रुंदावले तर पेट्रोल कायम जास्त पिईल. कार्बोरेटर क्लीनरने धुवा आणि हवेने फुंकून काढा. भाग झिजले असतील तर सुई, पॅकिंग आणि रबरी कडी यांचा संच मिळतो, पूर्ण कार्बोरेटर घ्यायची गरज नसते.

तिसरे, हवा. हवेच्या गाळणीतला स्पंज कपाशीच्या आणि ज्वारीच्या धुळीने गच्च भरतो. साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, तेलाचे थेंब लावून पिळून बसवा. पेट्रोलने धुऊ नका. स्पंज फाटला असेल तर मात्र लगेच बदला. आत गेलेली धूळ सिलिंडर घासून काढते आणि मग हजारांचा खर्च येतो.

चौथे, ठिणगी. प्लग काढा. काजळीने काळा असेल तर ब्रशने साफ करा. फट किती हवी ते पुस्तिकेत असते. होंडाच्या अनेक लहान इंजिनांत ती ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा आणि दोरी ओढा. निळी ठिणगी दिसली पाहिजे. हे करताना टाकीचे झाकण बंद, सांडलेले पेट्रोल पुसलेले आणि प्लग भोकापासून दूर. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग, मग टोपी, मग तेलाच्या स्विचची तार सोडवून परीक्षा, आणि हे सगळे झाल्यावर कॉइल. माझी कॉइल पहिली आली होती. ती शेवटी यायला हवी होती.

पाचवे, दाब. दोरी ओढताना हाताला अडल्यासारखे वाटले पाहिजे. दोरी सैल येत असेल तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टन रिंगचे काम आहे. ते जाणत्या मेकॅनिककडे द्यावे.

आता दुसरा प्रकार. इंजिन मजेत चालते, दिवा मात्र लागत नाही. इथेही आधी संचावरचा कटआउट वर करून पाहा, मग सॉकेट आणि तार. त्यानंतर आपला संच कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. काहींत कार्बन ब्रश आणि व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर असतो, काहींत ब्रश नसतात आणि कपॅसिटरवर काम चालते. ब्रश झिजले असतील तर बदलणे सोपे. कपॅसिटर बदलायचा तर त्यावर छापलेला मायक्रोफॅरॅडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त. इंजिन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. तो रिकामा केल्याशिवाय हात लावू नका, हे काम वायरमनकडून शिकून घ्या.

आणि एव्हीआर किंवा वायंडिंग जळालेच असेल, तर नवे बसवण्याआधी विचारा, का जळाले? बहुतेक वेळा उत्तर एकच असते. कुणीतरी त्यावर पाण्याची मोटर लावली. एक एचपीची मोटर चालताना साधारण एक किलोवॅट घेते, पण सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते. दोन केव्हीएच्या संचाला ते झेपत नाही. नवा भाग बसवून जुनी सवय ठेवली, तर पैसे दुसऱ्यांदा जातात.

आता खरेदी. तुम्ही पुण्यात आला आहात तर जाण्यापूर्वी नाना पेठेत चक्कर मारा. गाड्यांच्या आणि इंजिनांच्या सुट्या भागांचा तो जुना बाजार. विजेच्या भागांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. पण "दोन केव्हीएच्या जनरेटरचा एव्हीआर द्या" असे म्हणून दुकानात जाऊ नका. दुकानदार हातात येईल ते देईल. काढलेला जुना भाग पिशवीत न्या. संचाच्या पट्टीवरचे मॉडेल आणि इंजिन नंबर लिहून न्या. तारा किती, सॉकेटचा आकार कोणता, स्क्रूच्या भोकांमधले अंतर किती, हे काउंटरवरच जुळवून पाहा. पक्की पावती घ्या. गावाला परतल्यावर चुकीचा भाग बदलायचा तर एसटीचे भाडे भागाच्या किमतीपेक्षा जास्त होते.

पुण्याचे नाव निघाले म्हणून दोन गोष्टी सांगतो. २००६ साली राज्यभर लोडशेडिंग होते, खेड्यात दहा-दहा, बारा-बारा तास. तेव्हा पुण्यातल्या उद्योगांनी आपले मोठे जनरेटर चालवून तेवढी वीज शहरासाठी मोकळी केली, वाढीव खर्च शहरातल्या ग्राहकांवर आकारणी बसवून भागवला. वीज नियामक आयोगाने त्याला मंजुरी दिली, पुणे मॉडेल म्हणून ते गाजले. शहराचा जनरेटर असा सगळ्यांच्या वर्गणीतून चालला. आपला जनरेटर आपल्याच खिशातून चालतो. म्हणून तो दुरुस्त करता येणे आपल्याला परवडते की नाही, हा प्रश्न आपलाच आहे.

दुसरी गोष्ट खडकीची. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात सुरू झाली. तिचे पाच एचपीचे डिझेल इंजिन ज्याने विहिरीवर पाहिले नाही असा शेतकरी विरळा. ते इंजिन एवढे का टिकले? ते मजबूत होते हे खरेच. पण तालुक्याच्या मिस्त्रीला ते उघडता येत होते आणि त्याचा नोझल, रिंग, पॅकिंग तालुक्यालाच मिळत होते. जे यंत्र आपल्याला उघडता येत नाही, ते विकत घेऊनही भाड्याचेच.

अमेरिकेतले शेतकरी याच मुद्द्यावर कंपन्यांशी भांडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला. शेतीयंत्रांचे सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची माहिती मालकाला व बाहेरच्या मेकॅनिकला द्यावी, असे त्यात आहे. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारांचा समावेश होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू केले. पोर्टल ही सोय आहे, सक्ती नव्हे. म्हणून नवा संच घेतानाच तीन प्रश्न विचारा. सुट्या भागांची यादी देता का? भाग तालुक्याला मिळतात का? आमचा मेकॅनिक उघडू शकतो का? तिन्हींना "नाही" असे उत्तर आले तर पाच टक्के सूट घेऊ नका, दुसरे दुकान बघा.

शेवटी दोन गोष्टी, ज्यात पैसे नाहीत, जीव जातो.

जनरेटर घरात, ओसरीत किंवा मोटरीच्या खोलीत चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेत जातो. उघड्यावर ठेवा, खिडकीपासून लांब. आणि दुरुस्त केलेला संच तपासायलाही बाहेरच सुरू करा.

दुसरे, जनरेटरची तार घराच्या बोर्डात खुपसू नका. चेंजओव्हर स्विच बसवा. नाहीतर तुमची २३० व्होल्ट वीज उलटी ट्रान्सफॉर्मरकडे जाते आणि पलीकडे अकरा हजारांची होऊन निघते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन कुणाच्या तरी घरचा एकुलता कमावता असतो.

प्रत्येक जिल्ह्याने एक पेटी करावी. त्यात प्लगचा पाना, फिलर गेज, मल्टिमीटर, एक जादा प्लग, जादा दोरी, अर्धा लिटर तेल आणि एक वही ठेवावी. वहीत तारीख, झालेला दोष, बदललेला भाग आणि खर्च लिहावा. दर महिन्याला संच अर्धा तास दिवे लावून चालवावा आणि ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबू द्यावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. पहिल्या पानावर माझ्या नऊशे रुपयांच्या कॉइलची नोंद करायला माझी हरकत नाही.

आता चहा आहे. त्यानंतर हा संच उघडू. मायबहिणींनी पुढे बसावे, दोरी पहिल्यांदा त्यांनी ओढायची आहे.