आराखडा लिहिताना


एम.ए. झालेली आपली मुलं पीएच.डी.चा आराखडा दाखवायला आणतात. विषय काय, तर ‘दलितांचे शिक्षण’. अरे बाबा, कुठल्या जिल्ह्यातले, कोणत्या काळातले? माझाही पहिला आराखडा असाच परत आला होता. घरी सांगायची लाज वाटली.

बाबासाहेबांचा कोलंबिया विद्यापीठातील प्रबंध पाहा. १९२५ साली तो ग्रंथरूपाने आला. ब्रिटिश हिंदुस्थानचा सगळा कारभार त्यांनी घेतला नाही. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांचे आर्थिक संबंध, एवढाच धागा धरला.

तेव्हा अगोदर एकच प्रश्न लिहा. त्याचं उत्तर कुठल्या दप्तरात, कुणाच्या तोंडून मिळेल, तेही लिहा. दप्तर पाहू देतील का, हे मात्र विचारून घ्या. माझे सहा महिने त्यातच गेले.

रविवारी मी विहारात असतो. कच्चा कागद घेऊन या.